शालेय मुलांचा पोषणबोध
अन्न कशासाठी, पोटात गेल्यावर त्याचे काय होते आणि काय किती खावे, यांविषयी शाळकरी मुलांची समज. ती पाठ्यपुस्तकाआधी घरातच घडू लागते. मराठी घरातले मूल ‘जेवण’ आणि ‘खाऊ’ हा भेद फार लवकर शिकते: जेवण संपवायचे असते, खाऊ मिळवायचा असतो. ‘पौष्टिक’ हा शब्द बहुधा नावडती भाजी वाढताना कानी पडतो, म्हणून पौष्टिक ते बेचव अशी गाठ मनात बसते. ती सोडवणे पुढे शिक्षकांना जड जाते.

जेवल्याने ‘ताकद येते’, हे पाच-सहा वर्षांचे मूल सांगते. कशी येते, हे त्याला सांगता येत नाही. अवयव अन्नातून जीवनशक्ती घेतात, अशी या वयातली धारणा कायोको इनागाकी आणि गियो हातानो या जपानी अभ्यासकांनी १९९३ मध्ये मांडली. आपल्याकडचे ‘अंगी लागणे’ याच जातीचे. या समजुतीला अज्ञान म्हणू नये. पुढचे विज्ञान तिच्यावरच उभे राहते. मात्र सगळ्याच अन्नाने सारखी ताकद येत असेल, तर नुसत्या बिस्किटांनी पोट भरले तरी काय बिघडले, या प्रश्नाला तिच्यात उत्तर नाही.

ते उत्तर लहानांनाही पेलते. निरनिराळ्या अन्नात डोळ्यांना न दिसणारे निरनिराळे घटक असतात, पोटात ते सुटे होतात आणि रक्तावाटे अंगभर पोचतात, हे सारा ग्रिपशोव्हर आणि एलन मार्कमन यांनी अमेरिकेतील बालवाडीच्या मुलांना गोष्टींच्या पुस्तकांतून समजावले (२०१३). ती मुले मधल्या खाण्यात आपणहून जास्त भाज्या घेऊ लागली.

वरच्या वर्गांत कर्बोदके, प्रथिने, जीवनसत्त्वे ही नावे पाठ होतात. पण प्रथिनांची व्याख्या लिहिणाऱ्याला ताटातल्या खिचडीतली डाळ तीच, हे दाखवावे लागते. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गांसाठी रोज माणशी १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ, म्हणजे एकूण जेवणातून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, असे प्रमाण ठरलेले आहे. हे आकडे मुलांसमोर तराजूत मोजावेत, इतके ते उपयोगी आहेत. शाळेच्या परसबागेतली मेथी, पालकही तसेच.

समज आली तरी डब्यात काय भरायचे, हे मूल ठरवत नाही. त्याच्या हाती असतात ते खाऊचे पैसे. त्या पैशांनी सहज घेता येणारे अतिमेद, अतिसाखर आणि अतिमिठाचे पदार्थ शाळेच्या आवारात व फाटकापासून ५० मीटरच्या आत विकण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी मनाई केली आहे.