वाऱ्याचा मास्तर

गटिंगेन, जर्मनी. १९३० चं दशक. समोर पाण्याचा लांबट हौद आहे, त्यावर ॲल्युमिनियमची पूड पसरलीय. वाका, नीट बघा. मधोमध रोवलेल्या दांड्याला वळसा घालून पाणी धावतंय, पण दांड्याला टेकलेले कण जागचे हलत नाहीत. मागच्या अंगाला हा संथ थर पृष्ठभाग सोडतो आणि भोवरे उठतात. हे कोडं लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ मध्ये गणितात बसवलं. त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. करतायत कोल्हापूरकडच्या हसूरचे विष्णू माधव घाटगे.

डिसेंबर १९४२. बंगळूरची टाटा इन्स्टिट्यूट. युद्ध ऐन भरात. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारखान्यात परदेशी विमानांची डागडुजी चाललीय. देशी आराखड्याचं, इंजिनावर चालणारं एकही विमान तिथून अजून बाहेर पडलेलं नाही. अशा वेळी इथे इन्स्टिट्यूटमध्ये वैमानिकीचा विभाग सुरू होतोय आणि त्याची घडी बसवतायत घाटगे. मागच्या बाकावर जागा आहे, बसून घ्या. आधी वर्ग, विमान मागाहून.

ऑगस्ट १९५१. घाटग्यांच्या आराखड्याचं एचटी-२ विमान पहिल्यांदा आकाशात झेपावतं. सगळं धातूचं, आसनं दोन, एकामागे एक: गुरू आणि शिष्य. शिकाऊ पोराने नाक जास्त उचललं, तर पंखावरून तोच थर सुटणार आणि विमान खाली येणार. हौदातल्या भोवऱ्याशी इथे जिवाची गाठ आहे. प्राध्यापकाने विमान काढलं, तेही शिकवण्याचं!

आता चाकण. बाहेर एमआयडीसीच्या रस्त्यावर कंटेनरची रांग, आत एसीत तुमच्या स्क्रीनवर नव्या गाडीचं सीएफडी, म्हणजे तिच्याभोवतीच्या हवेचं संगणकी गणित. गाडीचा वेग ५० वरून १०० वर गेला की हवेचा अडथळा चौपट होतो. म्हणून मागच्या काचेचा उतार, आरशाची गोलाई, सगळं तपासायचं. बॉडीलगत मेशचे, म्हणजे या गणिताच्या जाळीचे थर कागदासारखे पातळ लागतात, नाहीतर थर कुठे सुटतो ते गणिताला कळतच नाही.

पाठीमागून सीनियर विचारतात, "वाय-प्लस किती आला?"

म्हणजे बॉडीला टेकलेला मेशचा पहिला थर किती बारीक आहे. तुम्ही आकडा सांगता.

"जास्त आहे. मेश परत कर. आणि घाई नको, आधी भिंतीजवळ काय चाललंय ते समजून घे."