लक्ष्मीबाईंची निराळी चूल

१८९५ सालीं नारायण वामन टिळक यांनीं मुंबईंत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, तेव्हां त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर आकाशच कोसळलें. कांहीं वर्षें पतिपत्नी विभक्त राहिलीं. पुढें त्या मुलाला घेऊन पतीकडे आल्या. पण चूल निराळी, पाणी निराळें आणि सोंवळें कडक. धर्मांतरासाठीं टिळकांनीं त्यांच्यावर बळजबरी केली नाहीं.

राहुरीस असतां लक्ष्मीबाईंच्या मनांत एक शंका उभी राहिली : जातिभेद ईश्वरानें निर्मिला कीं मनुष्यानें? ईश्वरानें निर्मिला असता, तर पशुपक्ष्यांप्रमाणें माणसांच्या देहांतहि तो दिसला असता. हा विचार पटतांच कोणाच्याहि हातचें अन्न घेण्याचा त्यांनीं निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा.

म्हणजे श्रद्धेनें प्रथम स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडला, मग देवळाचा. १९१९ सालीं टिळक निवर्तले. त्यांचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ पुरें करण्याचें काम लक्ष्मीबाईंनीं अंगावर घेतलें. जिनें एके काळीं पतीच्या धर्माचें पाणीहि वर्ज्य मानलें, तिनेंच त्याचें काव्य सिद्धीस नेलें. प्रामाणिक शंका श्रद्धेची वैरीण नसते. पुष्कळदां तीच तिची वाट दाखविते.