एका कुळाची कुळकथा : हडसन खोऱ्यातील व्हॅन ब्यूरेन घराणे

मराठीत ‘कूळ’ ह्या एकाच शब्दाने दोन भिन्न गोष्टींचा बोध होतो. दुसऱ्याच्या मालकीची जमीन खंडाने कसणारा तो कूळ; आणि एका मूळपुरुषापासून विस्तारलेला वंश तेही कूळच. हे दोन्ही अर्थ ज्याच्या ठायी एकत्र आले असा एक डच शेतकरी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर अमेरिकेत हडसन नदीच्या काठी येऊन राहिला. त्याचे नाव कॉर्नेलिस मासेन. तो एका डच धनिकाचे कूळ म्हणून आला आणि कूळ म्हणूनच मरण पावला. त्याच्या खापरपणतूचा मुलगा मार्टिन व्हॅन ब्यूरेन हा १८३७ ते १८४१ ह्या काळात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा आठवा राष्ट्राध्यक्ष होता. ह्या दोन टोकांमधील पिढ्या कशा जोडल्या जातात, आणि त्या जोडताना कोणती माणसे संशोधकाच्या हातून निसटतात, ह्या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

वंशाचा शोध घेणारा अभ्यासक सामान्यतः आडनावाचा धागा धरून मागे मागे जातो. डच वसाहतींतील शेतकऱ्यांच्या बाबतीत हा धागा दोन-तीन पिढ्यांतच तुटतो, कारण सतराव्या शतकातील डच शेतकऱ्यास बहुधा आडनाव नसे. त्याच्या नावापुढे बापाचे नाव येई आणि त्यास ‘मुलगा’ ह्या अर्थाचा प्रत्यय लागे. ‘मासेन’ म्हणजे मासचा मुलगा. हा प्रत्यय लेखनिकाच्या सवयीप्रमाणे कधी ‘सेन’, कधी ‘से’, तर कधी नुसत्या ‘झ’ ह्या वर्णाने दर्शविला जाई. मराठी नामपद्धतीशी परिचित असलेल्या वाचकास ही रचना परकी वाटणार नाही. आपल्याकडे मधल्या स्थानी येणारे वडिलांचे नाव जसे दर पिढीस बदलते, तसेच हे पितृनाम दर पिढीस बदलत असे. फरक इतकाच की, आपल्याकडे त्याच्या मागे आडनावाचा स्थिर आधार असतो, तसा तेथे नव्हता. प्रत्यक्ष हॉलंडात सर्वांनी कायम आडनाव धारण करावे असा हुकूम निघाला तो नेपोलियनच्या अमलात, १८११ साली.

व्हॅन ब्यूरेन घराण्याची वंशावळ ह्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. कॉर्नेलिस मासेनचा मुलगा मार्टेन कॉर्नेलिसेन, त्याचा मुलगा पीटर मार्टेन्सेन, त्याचा मार्टेन पीटर्सेन, त्याचा अब्राहम, आणि अब्राहमचा मार्टिन. ‘व्हॅन ब्यूरेन’ हे शब्द वगळले तर पहिल्या चार पिढ्यांत बापलेकांचे उत्तरनाम एकदाही जुळत नाही. उलट पितृनामाचे व्याकरण ध्यानी घेतले तर प्रत्येक नाव मागील पिढीकडे बोट दाखविते. ज्या रचनेमुळे आडनावाचा शोध घेणारा गोंधळतो, तीच रचना व्याकरण जाणणाऱ्यास वंशावळीचे पहिले साधन पुरविते.

आता ‘व्हॅन ब्यूरेन’ ह्या शब्दांकडे वळू. ‘व्हॅन’ हे डच भाषेतील पंचमीच्या अर्थाचे अव्यय असून स्थलनामाशी जोडले असता त्याचा अर्थ मराठीतील ‘-कर’ प्रत्ययाच्या अगदी जवळ येतो. ‘व्हॅन ब्यूरेन’ म्हणजे ब्यूरेनकर. ब्यूरेन हे गेल्डरलँड प्रांतातील एक लहानसे नगर. कॉर्नेलिसचे स्वतःचे गाव ब्यूरमाल्सेन हे त्याच्या शेजारचे खेडे. जर्मन भाषेतील ‘फॉन’ हे पुष्कळदा सरदारकीचे चिन्ह असते. डच ‘व्हॅन’ तसे नाही. हा भेद न ओळखल्यास अभ्यासकाची फसगत होण्याचा मोठा संभव आहे, कारण ब्यूरेनची उमरावीही इतिहासात प्रसिद्ध आहे. ऑरेंजचा विल्यम ह्याने १५५१ मध्ये ज्या अ‍ॅनाशी विवाह केला, ती ब्यूरेनच्या उमराव घराण्यातील होती. एकाच गावावरून उमरावासही नाव पडते आणि त्याच परिसरातील कुणब्यासही पडते. त्यावरून दोघांचे रक्त एक ठरत नाही. सातारकर म्हणविणारा प्रत्येक मनुष्य छत्रपतींच्या वंशातील नसतो, हे मराठी माणसास सांगावयास नको.

स्थलनामाचे आडनाव कसे होते ह्याचा एक बोलका दाखला कॉर्नेलिसच्या प्रवासातच सापडतो. तो प्रथम १६३१ मध्ये वसाहतीत आला. काही वर्षांनी मायदेशी परत गेल्यावर त्याने नवा करार केला आणि पत्नी कॅटलेंत्ये मार्टेन्स हिच्यासह ‘रेन्सलरस्वाइक’ नावाच्या जहाजातून तो पुन्हा निघाला. हे जहाज १६३६ च्या शरद ऋतूत निघून १६३७ च्या मार्चमध्ये मॅनहॅटन बेटास लागले. त्याच जहाजात अल्बर्ट आंद्रीसेन ब्राट नावाचा एक सहप्रवासी होता. समुद्रात वादळ चालू असताना त्याच्या बायकोस मुलगा झाला. मुलाचे नाव ‘स्टॉर्म’, म्हणजे वादळ, असे ठेविले गेले, आणि पुढे तो ‘व्हॅन डर झे’ म्हणजे ‘समुद्राकडला’ असे आडनाव लावू लागला. एकाच बापाच्या मुलांपैकी एकाचे वंशज व्हॅन डर झे झाले आणि इतरांचे ब्राट राहिले. शिवाय हा अल्बर्ट मूळचा डच नव्हेच, तो नॉर्वेचा. तात्पर्य, आडनाव भिन्न म्हणून वंश भिन्न नव्हे, आणि नाव डच म्हणून मूळही डच नव्हे.

मग ह्या माणसांचा माग लागतो तरी कसा? त्याचे उत्तर जमिनीच्या मालकीत आहे. डच वेस्ट इंडिया कंपनीने १६२९ मध्ये एक सनद काढून असे ठरविले की, जो भागीदार चार वर्षांत पंधरा वर्षांवरील पन्नास माणसे वसाहतीत नेऊन बसवील, त्यास विस्तीर्ण जमीन व तीवरील न्यायदानाचा अधिकार मिळेल. अशा अधिकाऱ्यास ‘पॅट्रून’ म्हणत. आपल्याकडील जहागीरदाराशी त्याचे बरेच साम्य आहे. किलिअन व्हॅन रेन्सलर हा अ‍ॅमस्टरडॅमचा जवाहिऱ्या असा एक पॅट्रून झाला. त्याची जहागीर आजच्या ऑल्बनी शहराच्या परिसरात नदीच्या दोन्ही तीरांवर पसरली होती. परंतु तो स्वतः ती पाहावयास एकदाही गेला नाही. जहागीरदार समुद्रापलीकडे राहत असल्यामुळे प्रत्येक करार, प्रत्येक हिशेब, प्रत्येक सूचना कागदावर उतरणे भाग पडले. गावातच राहणारा मालक आपल्या कुळाशी तोंडी व्यवहार करतो आणि तो व्यवहार त्या दोघांबरोबर नाहीसा होतो. रेन्सलरच्या गैरहजेरीने मात्र एका सामान्य शेतकऱ्यास इतिहासात जागा मिळवून दिली.

ऑल्बनीच्या दक्षिणेस नदीच्या पूर्व बाजूला पॅपस्कनी नावाचे सुपीक बेट आहे. तेथील एक शेत कॉर्नेलिसने खंडाने घेतले होते. १६४८ च्या सुमारास तो व त्याची पत्नी ही दोघेही मरण पावली. मागे मार्टेन, हेन्ड्रिक, मास व टोबियास हे मुलगे आणि स्टेंत्ये ही मुलगी, अशी पाच पोरकी मुले राहिली. १६६४ मध्ये वसाहत इंग्रजांच्या हाती गेली. इंग्रजी कारभारास बापाच्या नावापुढे एक स्थिर आडनाव लागे. तेव्हा गावाचे नाव हळूहळू आडनाव म्हणून रूढ झाले. ब्यूरेन हे नगर ज्यांनी डोळ्यांनीही पाहिले नव्हते, अशा नातवा-पणतवांच्या काळात हे कुटुंब कायमचे ‘ब्यूरेनकर’ बनले. अन्य अनेक देशांतरितांच्या बाबतीतही असेच आढळते : गाव सुटल्यानंतरच गावाचे नाव घट्ट होते.

कागद टिकणे हाही एक योगच होय. २९ मार्च १९११ रोजी ऑल्बनी येथील राज्य ग्रंथालयास भीषण आग लागली. तेथील डच दप्तरे खालच्या फळ्यांवर ठेविलेली होती. वरच्या फळ्यांवरील इंग्रजी कागदांचे ढीग कोसळून त्यांच्यावर पडले आणि त्या ढिगांखाली ती बरीचशी वाचली. त्यापूर्वीच, १९०८ मध्ये, ग्रंथालयातील अभिलेखपाल व्हॅन लार ह्यांनी रेन्सलरच्या पत्रव्यवहाराचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले होते. १९७४ पासून डच दप्तरांच्या भाषांतराचे कार्य पुन्हा पद्धतशीरपणे हाती घेण्यात आले.

करारनाम्यांच्या जोडीस चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या येतात. न्यू अ‍ॅमस्टरडॅमच्या नोंदी १६३९ पासून आणि ऑल्बनीच्या १६८३ पासून उपलब्ध आहेत. त्यांतील दोन गोष्टी अभ्यासकास विशेष उपयोगी पडतात. पहिली, बाप्तिस्म्याचे साक्षीदार बहुधा जवळचे आप्त असत. दुसरी, विवाहानंतरही स्त्रीची नोंद तिच्या माहेरच्या नावाने होत असे. मुलांची नावे ठेवण्याचाही संकेत होता : थोरल्या मुलांस आजोबांची नावे द्यावयाची, त्यांत आईच्या वडिलांचाही मान असे. ह्या संकेताच्या आधारे कॉर्नेलिसच्या मुलांची नावे पुन्हा वाचली तर एक सूचक गोष्ट दृष्टीस पडते. ‘मास’ हे नाव उघडच कॉर्नेलिसच्या वडिलांचे. मग ‘मार्टेन’ कोठून आले? आईचे नाव कॅटलेंत्ये मार्टेन्स, म्हणजे मार्टेनची मुलगी. तेव्हा हे नाव आईच्या वडिलांचे, असे अनुमान करावयास हरकत नाही. मार्टेनवरून पीटर मार्टेन्सेन, पीटरचा मुलगा पुन्हा मार्टेन, आणि ह्या मार्टेनचा नातू मार्टिन, असा हा ओघ आहे. राष्ट्राध्यक्षाचे आडनाव बापाच्या गावाकडून आले असले, तरी ज्या नावाने त्यास घरात हाक मारीत ते नाव, ह्या अनुमानानुसार, एका शेतकरणीने आपल्या माहेराहून आणलेले होते. आडनावाच्याच मागे धावणाऱ्या वंशावळीत ही स्त्री केवळ ‘पत्नी’ म्हणून उरते.

मार्टिन व्हॅन ब्यूरेनचा जन्म ५ डिसेंबर १७८२ रोजी किंडरहुक येथे झाला. बाप अब्राहम शेती करी व खानावळवजा पथिकाश्रम चालवी. घरातील भाषा डच होती. मातृभाषा इंग्रजी नसलेला अमेरिकेचा हा एकच राष्ट्राध्यक्ष होय. १८०७ मध्ये ज्या हॅना हूसशी त्याने विवाह केला, तीही त्याच डच गोतावळ्यातील होती. उतारवयात, १८५४ मध्ये, इटलीतील सोरेंटो येथे त्याने आत्मचरित्र लिहावयास घेतले. ते अपुरेच राहिले आणि १९२० मध्ये छापले गेले. पहिल्या पूर्वजाच्या आगमनापासून आपल्या थोरल्या मुलाच्या लग्नापर्यंत, दोन शतकांहून अधिक काळ, आपल्या घराण्यात परक्या रक्ताशी एकही सोयरीक झाली नाही, असे त्याने त्यात आवर्जून नमूद केले आहे. त्याच आत्मचरित्रात पत्नी हॅना हिचा उल्लेख एकदाही नाही. वंशशुद्धीचा हिशेब मांडणाऱ्या ग्रंथातच वंश चालविणारी स्त्री गैरहजर असावी, ही गोष्ट ह्या प्रकारच्या इतिहासाची मर्यादा पुरेशी स्पष्ट करते.

तथापि आणखी एक उणीव ह्याहून गंभीर आहे. हडसन खोऱ्यातील डच शेती गुलामांच्याही श्रमावर उभी होती. अब्राहम व्हॅन ब्यूरेनच्या घरी गुलाम होते. मार्टिनच्याही मालकीचा टॉम नावाचा एक गुलाम होता. तो पळून गेला आणि पुष्कळ वर्षांनी मॅसॅच्युसेट्समध्ये त्याचा ठावठिकाणा लागला. ह्या टॉमला नोंदींत आडनाव नाही, पितृनाम नाही. १७९० च्या पहिल्या अमेरिकन जनगणनेत कुटुंबप्रमुखाचे नाव लिहिले जाई आणि गुलामांचा मात्र त्यापुढे केवळ आकडा. डच नामपद्धतीने ज्याच्या मागील पाच पिढ्या उलगडतात अशा घरात राहणाऱ्या ह्या माणसांची मागची एक पिढीही हाती लागत नाही.

ह्यास अपवाद म्हणून एका स्त्रीचे चरित्र उपलब्ध आहे. नदीच्या पश्चिम तीरावरील अल्स्टर परगण्यात १७९७ च्या सुमारास इझाबेला नावाची मुलगी एका डच घराण्याची गुलाम म्हणून जन्मली. तिचा बाप उंच व ताठ होता, म्हणून झाड ह्या अर्थाच्या डच शब्दावरून त्यास ‘बोमफ्री’ म्हणत. इझाबेलेस लहानपणी डच भाषाच येत असे. १८०६ मध्ये, सुमारे नऊ वर्षांची असताना, तिला मेंढ्यांच्या कळपासह शंभर डॉलरांस विकण्यात आले. नव्या घरी इंग्रजी बोलत. हुकूम समजत नाही म्हणून तिला मार बसे. १८२६ मध्ये ती तान्ह्या मुलीस घेऊन पुढील मालकाच्या घरून निघून गेली आणि व्हॅन वागेनेन नावाच्या दांपत्याने तिला आश्रय दिला. त्यांनी तिच्या उरलेल्या सेवेचे वीस डॉलर मालकास भरले. ४ जुलै १८२७ रोजी न्यू यॉर्क राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली. ती पुढे काही वर्षे इझाबेला व्हॅन वागेनेन ह्या नावाने वावरली. १८४३ मध्ये तिने स्वतःच ‘सोजर्नर ट्रूथ’ हे नाव घेतले, आणि त्याच नावाने ती गुलामगिरीविरुद्धची वक्ती म्हणून प्रसिद्ध झाली. तिने सांगितलेली जीवनकथा १८५० मध्ये प्रसिद्ध झाली, म्हणूनच हा तपशील आज ज्ञात आहे.

‘व्हॅन वागेनेन’ म्हणजे वागेनिंगेनकर. वागेनिंगेनही ब्यूरेनप्रमाणे गेल्डरलँड प्रांतातलेच. म्हणजे मार्टिन आणि इझाबेला ह्या दोघांचीही मातृभाषा डच, दोघांचीही आडनावे एकाच प्रांतातील गावांवरून आलेली, आणि दोघांचीही बालपणे एकाच खोऱ्यात गेलेली. शब्दांची घडण पाहता दोन्ही आडनावांत तिळमात्र फरक नाही. परंतु एक आडनाव वंशपरंपरेने आले, दुसरे आश्रयाने. एकाच्या मागे जमिनीचा करारनामा आहे, दुसऱ्याच्या मागे विक्रीची रक्कम.

ह्या विवेचनातून डच वसाहतींतील कृषक घराण्यांच्या अभ्यासासाठी एक निष्कर्ष निघतो. आडनाव हा रक्ताचा पुरावा नव्हे. ते भाषेचे व कारभाराचे अपत्य आहे. पितृनाम, माहेरचे नाव, बाप्तिस्म्याचे साक्षीदार व खंडाचे करार ह्यांच्या साहाय्याने कॉर्नेलिस मासेनचा वंश निश्चित करता येतो, आणि तसा तो करण्यात आलाही आहे. परंतु पॅपस्कनीच्या शेतापासून किंडरहुकच्या पथिकाश्रमापर्यंत हे घराणे ज्यांच्या हातांनी चालले, त्यांत कॅटलेंत्ये होती, हॅना होती आणि टॉमही होता. त्यांची नोंद वंशवृक्षात बसत नाही म्हणून ती टिपणात ढकलणे इतिहासकारास शोभणारे नाही. वंशवृक्ष सांगतो तो वारशाचा क्रम. घराण्याचा इतिहास सांगावयाचा तर घरात राहणाऱ्या सर्वांचीच गणना केली पाहिजे.