चाक फिरवतो कोण?

काही वर्षांपूर्वी तलासरी तालुक्यातील एका शाळेच्या कार्यशाळेत आम्ही एक मोटर जाळली. बाकावर मावेल एवढा लहान लेथ, त्यावर अर्ध्या अश्वशक्तीची एक-फेजची मोटर. मोठ्या व्यासाची चकती कातायची होती, पण लेथ फारच जोरात फिरत होता. पट्टा सरकवून गती कमी करण्याचा कंटाळा आला, म्हणून आम्ही मोटरला छताच्या पंख्याचा रेग्युलेटर जोडला. गती उतरली खरी. पण हत्यार धातूला टेकताच मोटर गुरगुरली, थांबली आणि जळक्या वार्निशचा वास सुटला. नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, पंखा चालतो, मग लेथ का नाही?"

प्रश्न साधा होता. उत्तर आम्हाला लगेच देता आले नाही. ते शोधताना लेथला फिरवणाऱ्या शक्तीचा सगळा इतिहास डोळ्यांखालून घालावा लागला.

या भागात हा प्रश्न केवळ शाळेपुरता नाही. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला आणि प्रदूषणकारी उद्योगांवर निर्बंध आणले. तेव्हा हाताला काम देण्यात लहान कार्यशाळांचे मोल मोठे. चिंचणी आणि आसपासच्या गावांत दागिने घडवण्यासाठी लागणारे पोलादी छाप, म्हणजे 'डाय', बनवण्याचा घरगुती व्यवसाय आहे. अशा ठिकाणी एक मोटर जळणे म्हणजे काही दिवसांची मजुरी बुडणे.

आता थोडे मागे जाऊ. आपल्याकडचा कातारी लाकूड कातत असे तेव्हा एकजण दोरी आळीपाळीने ओढी आणि दुसरा हत्यार धरी. लाकूड एकदा पुढे, एकदा मागे फिरे. कापले जाई ते फक्त अर्ध्या वेळात. पायडल आणि जड चाक आले तेव्हा फिरणे एकाच दिशेने होऊ लागले. इंग्लंडमध्ये हेन्री मॉड्स्लेने १८०० च्या सुमारास आटे पाडणारा अचूक लेथ बनवला. हत्यार आता हाताऐवजी यंत्राने धरले, पण चाकाला शक्ती कुठून द्यायची हा प्रश्न उरलाच.

एकोणिसाव्या शतकातील उत्तर होते लाइन शाफ्ट. वाफेच्या एका इंजिनावर छताखालचा लांब दांडा फिरे आणि त्यावरून चामड्याचे पट्टे प्रत्येक यंत्रापर्यंत उतरत. मुंबईच्या कापडगिरण्याही अशाच चालत. दांड्याची गती ठरलेली. यंत्राची गती बदलायची तर पायऱ्यांच्या पुलीवर पट्टा सरकवायचा. ही पायऱ्यांची पुली त्या काळाची देणगी आहे आणि तिचे महत्त्व अजून संपलेले नाही.

पुढे वीज आली. निकोला टेस्लाला प्रवर्तन मोटरची पेटंटे १८८८ मध्ये मिळाली. दोलिवो-दोब्रोव्होल्स्कीने १८८९ मध्ये तीन-फेजची पिंजरा-मोटर करून दाखवली. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. हळूहळू प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली. मराठी उद्योजकांचाही यात वाटा आहे. किर्लोस्करांनी १९४१ मध्ये हरिहर येथे लेथ बनवणारा कारखाना उभारला आणि १९४६ मध्ये बंगळूरला विजेच्या मोटरींचा.

प्रवर्तन मोटर स्वस्त, दणकट आणि बिनतक्रार, पण हट्टी. आपल्या विजेची वारंवारता सेकंदाला ५० आवर्तने. चार ध्रुवांच्या मोटरमधील चुंबकक्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते आणि मोटर त्याच्या किंचित मागे, सुमारे १४४० फेऱ्यांनी फिरते. व्होल्टेज कमी केले तरी क्षेत्राची गती तीच राहते. फक्त टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. व्होल्टेज निम्मे, तर जोर चौथा हिस्सा.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. पंख्याला गती कमी असताना हवाही कमी ढकलावी लागते. त्याचा भार गतीच्या वर्गाने उतरतो, म्हणून दुबळा झालेला जोर त्याला पुरतो. लेथवरचे लोखंड मात्र हळू फिरताना मऊ होत नाही. शिवाय अशा मोटरमध्ये सुरू होण्यापुरते एक जादा वेटोळे असते. गती पुरेशी वाढली की केंद्रोत्सारी स्विच ते तोडतो. गती खाली आली की स्विच पुन्हा जुळतो आणि काही सेकंदांसाठी बनवलेले वेटोळे सतत तापत राहते. आमची मोटर अशी जळली.

मग लेथला गती बदलावी का लागते? साधे पोलाद हाय-स्पीड स्टीलच्या हत्याराने कापताना पृष्ठभागाची गती मिनिटाला सुमारे ३० मीटर ठेवतात. १० मिलिमीटर व्यासाच्या सळईसाठी हिशेब येतो ९५५ फेरे. १०० मिलिमीटरच्या चकतीसाठी ९५. व्यास दसपट, फेरे एक दशांश.

गती सलग बदलण्याचा पहिला यशस्वी मार्ग १८९१ मध्ये वॉर्ड लेनर्डने दाखवला. एका मोटरने जनित्र फिरवायचे आणि त्याच्या बदलत्या व्होल्टेजवर दुसरी, एकदिश प्रवाहाची मोटर चालवायची. एका कामाला तीन यंत्रे, त्यामुळे लहान कार्यशाळेला हे परवडणारे नव्हते. १९५७ मध्ये थायरिस्टर आला आणि तेच काम मुठीएवढ्या जागेत होऊ लागले. नंतर शक्तिशाली ट्रान्झिस्टर आले आणि प्रवर्तन मोटरच्या हट्टावरही उपाय सापडला: व्होल्टेजबरोबर वारंवारताच बदला! हाच इन्व्हर्टर ड्राइव्ह. एक-फेजची वीज घेऊन तो तीन-फेजची मोटर हव्या त्या गतीने चालवतो. मात्र मोटर तीन-फेजचीच हवी. आपल्याकडच्या लहान मोटरी बहुधा ४१५ व्होल्टसाठी 'स्टार' जोडणीत असतात. २४० व्होल्टवर त्या 'डेल्टा' जोडणीत आणाव्या लागतात.

पण इथेही एक फसगत आहे. एक अश्वशक्तीच्या मोटरचा १४४० फेऱ्यांना जोर सुमारे ५ न्यूटन-मीटर. पट्टा आणि दात्यांनी गती एक दशांश केली तर जोर जवळजवळ दसपट होतो. १०० मिलिमीटरच्या चकतीच्या कडेवर सुमारे १००० न्यूटन बल मिळते. ड्राइव्हने गती एक दशांश केली तर जोर तेवढाच राहतो आणि कडेवर मिळतात जेमतेम १०० न्यूटन. वर मोटरचा पंखाही मंदावल्याने ती तापते. म्हणून ड्राइव्ह बसवला तरी पायऱ्यांची पुली फेकू नये. ढोबळ गती पट्ट्याने ठरवावी, बारीक फरक ड्राइव्हने करावा.

जुन्या ट्रेडमिलची कायमचुंबकी मोटर किंवा शिलाई यंत्राची सर्व्हो मोटरही काही हौशी लोक वापरतात. त्यांनाही हाच नियम लागू. मिक्सरसारखी ब्रशची मोटर मात्र भार सुटताच बेफाम पळते. ती टाळलेली बरी.

सुरक्षेच्या तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. अर्थिंग हवेच. ड्राइव्ह बंद केल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये काही मिनिटे धोकादायक विद्युतभार राहतो. आणि गेलेली वीज परत आली तरी लेथ आपोआप सुरू होता कामा नये. बटण दाबल्यावरच सुरू होणारा स्टार्टर बसवावा. वीज वरचेवर जाते अशा गावात ही तिसरी गोष्ट बोटे वाचवते.

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, डहाणूचे ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र १९९५ मध्ये. त्याची वीज मुंबईच्या उपनगरांकडे जाते. एवढी वीज ज्या परिसरात तयार होते, तिथल्या मुलांना निदान एक मोटर का जळते हे तरी कळायला हवे.

आमच्या शाळेत मोटर पुन्हा भरून आणली आणि पट्टा जागेवर चढवला. मुलांनी दोन्ही पुल्यांच्या पायऱ्यांचे व्यास दोऱ्याने मोजले, प्रत्येक जोडीची गती काढली आणि तक्ता भिंतीवर लावला. आपल्या शाळेतही हे करून पाहता येईल. रेग्युलेटर पुन्हा पंख्याला जोडला आहे.