साहेबाचे ओटे

कोकणातील विजयदुर्ग किल्ला पाहावयास जाणाऱ्या प्रवाशास तेथील काही जुने ओटे अगत्यपूर्वक दाखविण्यात येतात. त्यांस ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. आणि १८६८ साली लॉकियर नामक इंग्रज ज्योतिर्विदाने येथूनच सूर्यावरील हेलियमचा शोध लावला, अशी कथा सांगतात. ती ऐकून ऊर भरून येतो. परंतु इतिहासाच्या कसोटीस ती उतरत नाही.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास ग्रहण झाले तेव्हा लॉकियर हिंदुस्थानात नव्हताच. फ्रेंच ज्योतिषी जान्सेन याने ते गुंटूर येथून पाहिले. सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा प्रकाश लोलकातून जाता त्यात तेजस्वी रेषा उमटल्या. या रेषा ग्रहणावाचूनही दिसतील असे त्याच्या मनाने घेतले, आणि दुसऱ्याच दिवशी त्या दिसल्या! इकडची वार्ता नसताना लॉकियरनेही २० ऑक्टोबर रोजी इंग्लंडात हेच साधले. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या एकाच बैठकीपुढे आली, हा योगायोग मोठा मनोहर होय.

त्या रेषांपैकी एक पिवळी रेषा मात्र पृथ्वीवरील कोणत्याच ज्ञात द्रव्याशी जुळेना. लॉकियरने ती नव्या मूलद्रव्याची ठरविली, आणि त्यास सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम हे नाव मिळाले. न पाहिलेल्या द्रव्यावर अनेक रसायनशास्त्रज्ञांचा विश्वास बसेना. अखेर १८९५ साली रॅम्से यास एका युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा आढळली. सत्तावीस वर्षांनी सूर्यावरचा पाहुणा घरातच सापडला! लॉकियर विजयदुर्गास आला तो त्यानंतर, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी.

ही हकिगत वर्गात सांगितली की विद्यार्थी खट्टू होतात. जणू आम्ही त्यांचे काही हिरावून घेतले. पण खरोखर काय गेले? १८३५ साली कोम्त या थोर फ्रेंच तत्त्ववेत्त्याने लिहून ठेविले होते की, ताऱ्यांची रासायनिक घटना मनुष्यास कधीही कळणार नाही. १८५७ साली तो वारला, आणि दोनच वर्षांत जर्मनीत किर्खोफने वर्णपटातील रेषांचा अर्थ उलगडून दाखविला. जेथे पाऊल पडणे अशक्य, तेथील द्रव्याची ओळख केवळ प्रकाशाच्या साक्षीने पटावी, याहून अद्भुत ते कोणते?

आज तेच हेलियम उणे २६९ अंशांवर द्रवरूप होऊन एम.आर.आय. यंत्रातील चुंबक थंड राखते, आणि त्या यंत्राने आपल्या आप्तेष्टांच्या मेंदूतील व्याधी शस्त्र न लावता दिसते. सूर्याकडे पाहणाऱ्या त्या दोघांच्या हे स्वप्नीही नसेल. म्हणून ‘कधीही कळणार नाही’ हे शब्द उच्चारताना शहाण्याने थोडे थांबावे.

विजयदुर्गाचे ओटे अवश्य पाहावेत. मुलांना दाखवावेत. मात्र कथा सांगावी ती खरी. ती अधिक लांबची आहे, आणि अधिक आशेचीही.