नोंद, प्रमाणन आणि पासवर्ड

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. परंतु तेथील भूमि-अभिलेखांची परंपरा त्याहून पुष्कळ जुनी आहे. मालगुजारीच्या काळी पटवारी कागद राखीत असे. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. पुढे १९६६ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली. या संहितेनुसार तलाठी फेरफाराची नोंद करतो, चावडीवर नोटीस लावतो व हितसंबंधितांस कळवितो. आलेली हरकत विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. प्रमाणन मात्र दुसरा, वरिष्ठ अधिकारी करतो. लिहिणारा व खरे ठरविणारा एक नसावा, हे या रचनेचे मर्म होय. नक्कल मागणाऱ्यास तर केवळ वाचण्याचा अधिकार असतो.

पासवर्डाचा उगम निराळ्या गरजेतून झाला. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६१ मध्ये एकच संगणक अनेकांनी वाटून वापरण्याची पद्धती सिद्ध झाली, तेव्हा प्रत्येकाच्या फाइली व वेळेचा वाटा वेगळा राखण्यासाठी पासवर्ड आला. पुढच्याच वर्षी ॲलन शेर या संशोधकाने पासवर्डांची संपूर्ण फाइल छापून घेतली; हेतू इतकाच, की संगणकावर अधिक वेळ मिळावा! १९६६ मध्ये दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फाइली संपादित करीत असता त्यांची अदलाबदल झाली आणि दैनंदिन सूचनेच्या जागी सर्वांचे पासवर्ड सर्वांस दिसू लागले. पासवर्ड मूळ रूपात साठवूच नयेत, त्यांचे उलट न फिरणारे रूपांतर साठवावे, ही पद्धती मॉरिस व टॉम्सन यांनी १९७९च्या निबंधात सविस्तर मांडली.

परंतु साठवण सुरक्षित झाली तरी वाट उघडीच होती. फाइली एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेण्याच्या नियमावलीचा, म्हणजे एफटीपीचा, पहिला मसुदा कानपूरच्या आयआयटीचे पदवीधर अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये लिहिला. १९८५च्या सुधारित नियमावलीतही वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड तारेवरून उघड अक्षरांत जात. कोणी कोणती फाइल वाचावी वा बदलावी, हा निर्णय तर नियमावलीने सर्व्हरवरच सोपविला. अनामिक प्रवेशाच्या प्रथेत कोणासही बहुधा केवळ वाचण्यापुरती मुभा असे. नकलेच्या अर्जदाराचे हेच स्थान! संदेश सांकेतिक करून पाठविण्याची एफटीपीची सुरक्षित पद्धती २००५ मध्ये प्रमाणित झाली.

आता गोंदियाकडे वळू. राज्यात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. त्या स्वाक्षरीने उतारा अस्सल ठरतो. त्यातील नोंद योग्य रीतीने झाली की नाही, हे मात्र ती सांगत नाही. तसेच वाट कितीही सांकेतिक असो, उसना दिलेला पासवर्ड तीवरून निर्विघ्न प्रवास करतो. सर्व्हर पासवर्ड ओळखतो, हात ओळखत नाही. नोंद करणाऱ्याचा व प्रमाणन करणाऱ्याचा असे दोन्ही पासवर्ड एकाच्या हाती गेले, तर संहितेने दोघांत वाटलेला अधिकार एकवटतो आणि अभिलेखात मात्र दोन अधिकारी दिसत राहतात. प्रस्तुत लेखकाच्या मते हा दोष चोरीहून गंभीर आहे. कारण चोरीचा निदान संशय तरी येतो. सडक अर्जुनीच्या धान उत्पादकास असा बदल कळेल तो बहुधा पीककर्जासाठी वा आधारभूत केंद्रावर धान विकण्यासाठी सातबारा काढतेवेळीच. तोवर हरकतीची मुदत उलटलेली असेल.