थरांमधली मोकळी जागा

१८९७ साली कार्ल हॉफमन आणि क्युस्पर्ट या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी निकेल सायनाइडच्या अमोनियायुक्त द्रावणात बेंझिन मिसळले आणि त्यातून स्फटिक मिळवले. पृथक्करणात बेंझिनचे प्रमाण ठरावीक निघाले. पण बेंझिनसारखा अलिप्त रेणू धातूच्या क्षाराशी जोडला जातो तरी कसा?

हे कोडे अर्धशतक टिकले. १९४९ मध्ये ऑक्सफर्डच्या हर्बर्ट पॉवेल आणि रेनर यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकाची रचना उलगडली, तेव्हा बेंझिन कशालाच जोडलेले नाही, असे आढळले. निकेल आणि सायनाइड यांची चौकोनी जाळी सपाट थरांत पसरलेली असते. एकाआड एका निकेलवर अमोनियाचे रेणू वर आणि खाली उभे असतात, त्यामुळे थर एकमेकांना भिडत नाहीत; मधल्या पोकळीत बेंझिन अडकून बसते. इतकी वर्षे शोधला गेलेला बंध मुळात नव्हताच!

अशा पोकळ्या योजनापूर्वक घडवता येतात, हे रिचर्ड रॉब्सन यांनी १९८९ पासून दाखवले. सुसुमु कितागावा आणि ओमर यागी यांच्यासह त्यांना २०२५ चे नोबेल मिळाले. त्या जल्लोषात एक अडचण मात्र मागे पडली. यांतील अनेक पदार्थ दमट हवेत ढासळतात, किंवा पाणीच त्यांची पोकळी बळकावते. आणि धुराड्याच्या वायूत वाफ असतेच. निम्म्याहून अधिक वीज कोळशावर निर्माण करणाऱ्या भारताला ही बाब किरकोळ मानता येणार नाही.

बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात सी. एन. आर. राव यांच्या गटात रामनाथन वैद्यनाथन यांनी धातूंच्या ऑक्झॅलेटांवर काम केले होते. पुढे कॅनडातील कॅलगरी येथे जॉर्ज शिमिझू यांच्यासमवेत त्यांनी जस्त आणि अमिनोट्रायझोल यांचे थर ऑक्झॅलेटच्या खांबांवर तोलले. पोकळीतील कार्बन डायऑक्साइडचे नेमके स्थान २०१० मध्ये क्ष-किरणांनी टिपता आले. त्याच घराण्यातला, साध्या ट्रायझोलचा ‘कॅल्फ-२०’ २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत वैद्यनाथनही आहेत. ते आता पुण्याच्या आयसरमध्ये आहेत.

सुमारे ४० टक्के सापेक्ष आर्द्रतेपर्यंत हा पदार्थ पाण्यापेक्षा कार्बन डायऑक्साइडला प्राधान्य देतो. इथेही पाहुण्या रेणूशी रासायनिक बंध नाही, म्हणून सुटका स्वस्तात होते. गंमत अशी, की ती सुटका वाफेनेच करतात, आणि थर जागचे हलत नाहीत.